‘किचिकु बेइएइ’: शत्रुराष्ट्राला राक्षस ठरवणारी भाषा काय करते?

जपान म्हटले की आपल्या समाजातल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर काय येते? कामठीचे ड्रॅगन पॅलेस, उभे आयुष्य नागपुरात काढलेले भदन्त सुरेई ससाई, बोधगयेत शांतपणे रांगेने चालणारे जपानी उपासक. आमच्याही मनात लहानपणापासून हेच चित्र होते. त्यामुळे आमच्या अभ्यासवर्गात दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला तेव्हा बारावीतल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न आम्हाला चांगलाच अडचणीत टाकून गेला. तिने विचारले, "तो बौद्धांचा देश होता ना? मग त्यांनी समोरच्या माणसांना राक्षस कसे म्हटले?" त्या दिवशी आमच्याकडे धड उत्तर नव्हते. नंतर आम्ही वाचत गेलो आणि त्या वाचनातून हे टिपण तयार झाले.

दोन राष्ट्रे एकमेकांना राक्षस कशी ठरवतात, याचे जपान आणि अमेरिका यांच्यातील १९४१ ते १९४५ च्या युद्धाइतके स्पष्ट उदाहरण आम्हाला दुसरे सापडले नाही. दोन्ही बाजूंची भाषणे, पोस्टर, व्यंगचित्रे आणि चित्रपट आज उपलब्ध आहेत. अमेरिकी इतिहासकार जॉन डॉवर यांनी १९८६ मध्ये ‘वॉर विदाउट मर्सी’ या ग्रंथात ती समोरासमोर मांडली. या विषयावर काम करणाऱ्या कोणालाही त्या ग्रंथापासूनच सुरुवात करावी लागते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. समाजशास्त्रात याला अमानवीकरण म्हणतात आणि ते म्हणजे निव्वळ खोटा प्रचार, असा एक गैरसमज आहे. जपानी सैन्याने डिसेंबर १९३७ पासून चीनमधील नानजिंगमध्ये केलेल्या कत्तली खऱ्या होत्या. एप्रिल १९४२ मध्ये फिलिपिन्समधल्या बटान येथे शरण आलेल्या कैद्यांना मरेपर्यंत चालवले, तेही खरेच होते. अमानवीकरण बहुतेक वेळा खऱ्या गुन्ह्यावरच उभे राहते. ते काम कसे करते? ज्याने गुन्हा केला त्याच्यापुरता तो न ठेवता तो त्याच्या जमातीच्या रक्तात आहे असे सांगते. मग सेनापती, शिपाई, मासे विकणारी बाई आणि पाळण्यातले मूल यांच्यात फरक उरत नाही. जन्मावरून माणसाला बाद करणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

हे वैर पर्ल हार्बरच्या दिवशी एकाएकी जन्मले नाही. १८५३ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीची काळी जहाजे जपानच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा तिथल्या चित्रकारांनी त्याला लांब नाकाचा राक्षसी चेहरा दिला होता. पुढे जपान स्वतः बलाढ्य झाला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या पॅरिस परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समानतेचे कलम घालण्याची मागणी केली. १७ पैकी ११ मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी असलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी एकमत हवे असे सांगून ती मागणी बाजूला ठेवली. १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून जपानी स्थलांतर बंद केले. समानतेची मागणी करणारा हाच जपान कोरिया आणि चीनमधल्या माणसांना मात्र कोणती वागणूक देत होता, हेही इथेच नोंदवले पाहिजे. अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याचा अपमान करणार नाही, असे गृहीत धरता येत नाही.

माकड, उंदीर, ऊ

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हवाई बेटांवरील पर्ल हार्बरवर हल्ला केला. सुमारे २,४०० अमेरिकी मारले गेले. संताप येणे स्वाभाविक होते. पण अमेरिकेचे युद्ध जर्मनीशीही होते आणि दोन्ही शत्रूंसाठी वापरलेली भाषा वेगळी होती. जर्मनीबद्दल बोलताना हिटलर आणि नाझी असे म्हटले जाई, ‘चांगला जर्मन’ असू शकतो ही शक्यता शिल्लक ठेवली जाई. जपानबद्दल बोलताना ‘जॅप’ हा एकच तुच्छतेचा शब्द पुरत असे. त्यात सारा देश आला.

व्यंगचित्रांत जपानी माणूस कधी झाडावरून लोंबकळणारे माकड असे, कधी उंदीर, कधी साप. पर्ल हार्बरनंतर दोन आठवड्यांनी, २२ डिसेंबरच्या अंकात, ‘लाइफ’ साप्ताहिकाने माणसांच्या चेहऱ्यांवर खुणा करून एक धडा छापला: चिनी मित्र आणि जपानी शत्रू कसा ओळखावा. नाक कसे, गालाचे हाड कसे, कातडीचा रंग कसा. चीन तेव्हा अमेरिकेच्या बाजूने होता, म्हणून त्याचा चेहरा सज्जन ठरला. हा अंक लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर प्रसिद्ध असलेले डॉ. स्यूस त्या काळी ‘पीएम’ या न्यूयॉर्कच्या दैनिकात व्यंगचित्रे काढत. वंशद्वेषाविरुद्धही त्यांनी चित्रे काढली आहेत, म्हणजे ते काही प्रतिगामी गृहस्थ नव्हते. १३ फेब्रुवारी १९४२ च्या त्यांच्या चित्रात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे लोक, सगळे एकाच चेहऱ्याचे, रांगेत उभे राहून स्फोटके घेत आहेत आणि मायदेशाच्या इशाऱ्याची वाट पाहत आहेत. सहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरे, दुकाने आणि शेते सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक होते.

या कारवाईची शिफारस करणारे जनरल डीविट यांचा युक्तिवाद आम्ही अभ्यासवर्गात फळ्यावर लिहून ठेवतो. ते म्हणाले की जपानी वंश हाच शत्रुवंश आहे. आजवर या लोकांनी घातपाताचे एकही कृत्य केलेले नाही, हेच ते पुढे करणार असल्याचे लक्षण आहे. नीट वाचा. काही केले असते तर दोषी, काही केले नाही म्हणूनही दोषी. एकदा माणूस राक्षस ठरला की त्याचे निरपराध असणेसुद्धा त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. डिसेंबर १९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोरेमात्सु खटल्यात ही कारवाई ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवली.

रणभूमीवर हीच भाषा हातापायांत उतरली. काही अमेरिकी सैनिक मेलेल्या जपान्यांच्या कवट्या आठवण म्हणून घरी पाठवत. मे १९४४ मध्ये ‘लाइफ’ने एका तरुणीचे छायाचित्र छापले. समोर टेबलावर मित्राने पाठवलेली कवटी ठेवून ती त्याला आभाराचे पत्र लिहीत आहे. त्याच वर्षी एका खासदाराने रूझवेल्ट यांना जपानी सैनिकाच्या हाताच्या हाडापासून बनवलेला, पाकिटे फोडायचा चाकू भेट दिला. त्यांनी तो नंतर परत केला. जर्मन सैनिकाच्या हाडाची भेट राष्ट्राध्यक्षाला देण्याचे धाडस कोणी केले असते, असे आम्हाला वाटत नाही.

मार्च १९४५ मध्ये अमेरिकी मरीन दलाच्या ‘लेदरनेक’ या मासिकाने जपान्यांना ऊ म्हणून दाखवणारे चित्र छापले. या उवांची पैदास जिथे होते ती जागाच पूर्ण नष्ट करावी लागेल, असा त्यातला विनोद होता. त्याच महिन्यात, ९ आणि १० मार्चच्या रात्री, बी-२९ विमानांनी लाकडी घरांच्या टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे १ लाख लोक मेले. व्यंगचित्रामुळे बॉम्ब पडले असे आम्ही म्हणत नाही, युद्धाचे निर्णय नकाशे आणि आकडे पाहून होतात. पण त्या आकड्यांतली माणसे आधीच उवा झालेली असली तर निर्णय घेणाऱ्याला कोणी अडवत नाही. डिसेंबर १९४४ च्या गॅलप पाहणीत सुमारे १३ टक्के अमेरिकनांनी युद्धानंतर जपानी लोकांना सरसकट संपवावे असे मत दिले होते. नागासाकीवर अणुबॉम्ब पडल्यानंतर दोन दिवसांनी, ११ ऑगस्ट १९४५ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी चर्चच्या एका पदाधिकाऱ्याला पत्र लिहून आपली बाजू मांडली. पशूशी गाठ पडली तर त्याला पशूसारखेच वागवावे लागते, असा त्याचा मतितार्थ होता.

आपल्याच घरातला शब्द

आता जपानची बाजू. तिथल्या युद्धकाळातील सर्वांत गाजलेला शब्द म्हणजे ‘किचिकु बेइएइ’. ‘बेइ’ म्हणजे अमेरिका, ‘एइ’ म्हणजे इंग्लंड. ‘किचिकु’ म्हणजे राक्षस आणि पशू. वर्तमानपत्रांत, शाळांत आणि पोस्टरवर तो सगळीकडे होता.

या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ‘कि’ हे जे चिनी अक्षर आहे तेच जपानी बौद्ध वाङ्मयात प्रेतयोनीसाठी, भुकेल्या प्रेतासाठी, येते. ‘चिकु’ हे तिर्यक् योनीसाठी, म्हणजे पशूच्या जन्मासाठी, वापरतात. लोभात आणि अज्ञानात अडकलेल्या जिवाची अवस्था सांगणारे, ऐकणाऱ्याच्या मनात करुणा जागवणारे हे शब्द होते. युद्धखोरांनी ते उचलले आणि समोरच्या देशावर चिकटवले. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला इथे मिळाले. राक्षस बनवायला बाहेरून सामान आणावे लागत नाही. लोकांच्या ओळखीचे, त्यांच्या श्रद्धेतले, आजीच्या गोष्टीतले शब्दच त्यासाठी उपयोगी पडतात.

आजीच्या गोष्टीचेही तसेच झाले. पीच फळातून जन्मलेला मोमोतारो राक्षसांच्या बेटावर जाऊन त्यांना हरवतो, ही गोष्ट प्रत्येक जपानी मुलाला पाठ. १९४३ मध्ये नौदलाच्या पाठबळाने निघालेल्या अ‍ॅनिमेशनपटात मोमोतारो विमानदलाचा सेनापती झाला आणि पर्ल हार्बर हे राक्षसांचे बेट. १९४५ च्या दुसऱ्या चित्रपटात तर डोक्यावर शिंग असलेले इंग्रज अधिकारी शरणागतीच्या वाटाघाटी करताना दिसतात. बेसबॉल मात्र लोकांना सोडवत नव्हता. मग खेळ ठेवला आणि त्यातले इंग्रजी शब्द बदलले! हसू येते, पण त्याच सुमारास शाळकरी मुले बांबूचे भाले चालवायला शिकत होती.

अमेरिकेने शत्रूला माणसापेक्षा खालचे ठरवले. जपानने त्यासोबत स्वतःला माणसापेक्षा वरचे ठरवले: सम्राट दैवी, देश पवित्र, प्रजा शुद्ध. आणि शरण जाणे म्हणजे राक्षसाच्या तावडीत सापडणे. या भाषेची सर्वांत मोठी किंमत जपानच्या ताब्यातल्या सामान्य माणसांनीच मोजली. जुलै १९४४ मध्ये सायपान बेट पडताना शेकडो नागरिकांनी, मुलाबाळांसह, कड्यावरून उड्या घेतल्या. अमेरिकी सैनिक बायकांवर अत्याचार करतील, पुरुषांना हाल करून मारतील, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगितले गेले होते.

योमितानच्या दोन गुहा

१ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्य ओकिनावा बेटावर उतरले. त्या किनाऱ्यालगतच्या योमितान गावातले लोक नैसर्गिक गुहांत लपले होते.

चिबिचिरी नावाच्या गुहेत सुमारे १४० जण होते. अमेरिकी सैनिक गुहेच्या तोंडाशी आले आणि बाहेर या, मारणार नाही, असे सांगू लागले. कोणी विश्वास ठेवला नाही. दोघे जण बांबूचे भाले घेऊन धावून गेले आणि जखमी झाले. आत एक तरुणी होती, तिने चीनमध्ये लष्करी परिचारिका म्हणून काम केले होते. जपानी सैन्याने तिथे चिनी लोकांचे काय केले हे तिला माहीत होते, आणि आता आपलेही तसेच होणार असे तिने सांगितले. आपल्याच सैन्याची कृत्ये शत्रूच्या चेहऱ्यावर दिसू लागली होती. दुसऱ्या दिवशी त्या गुहेत ८० हून अधिक लोक मेले. आईबापांनी मुलांना मारले, काहींनी विष टोचून घेतले, काही धुरात गुदमरले. मेलेल्यांत निम्म्याहून अधिक मुले होती.

त्याच गावात शिमुकु नावाची दुसरी गुहा आहे. तिथे सुमारे १,००० लोक होते. त्यांनाही तेच सांगितले गेले होते, त्यांच्यातही बांबूचे भाले घेतलेले तरुण होते. पण त्या गुहेत दोन वयस्कर माणसे होती, जी पूर्वी मजुरीसाठी हवाईला जाऊन आली होती. त्यांनी अमेरिकनांबरोबर काम केले होते, त्यांना थोडे इंग्रजी येत होते. त्यांनी तरुणांना आवरले, बाहेर जाऊन सैनिकांशी बोलले आणि परत येऊन म्हणाले, हे नागरिकांना मारत नाहीत. सगळे बाहेर आले आणि वाचले.

एक गाव, तोच दिवस, तोच प्रचार. हवाईच्या उसाच्या मळ्यांत जपानी मजुरांना वाईट वागवले जाई, तेव्हा त्या दोघांना अमेरिकनांविषयी फार प्रेम असेल असे समजायचे कारण नाही. त्यांनी फक्त अमेरिकी माणूस पाहिला होता. वाईट, बरा, आळशी, दयाळू, जसा असतो तसा.

ओकिनावाची आणखी एक बाजू आपल्यासाठी महत्त्वाची आहे. हे बेट पूर्वी र्‍युक्यु नावाचे स्वतंत्र राज्य होते, १८७९ मध्ये ते जपानने आपल्यात विलीन केले. तिथल्या लोकांची भाषा वेगळी, मुख्य भूमीवर त्यांना कमी लेखत. १९४५ मध्ये जपानी सैन्याने हुकूम काढला की ओकिनावाच्या बोलीत बोलणारा हेर समजला जाईल. त्या संशयावरून सैन्याने स्थानिकांना ठार मारले. परकीय राक्षस शोधणारी नजर थोड्याच दिवसांत घरातल्या दुबळ्याकडे वळते. अमेरिकेतल्या छावण्या आणि ओकिनावातला हा हुकूम आम्हाला एकाच जातीचे वाटतात.

विहार गप्प का राहिले?

त्या मुलीच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग आम्हाला टाळता येणार नाही. जपानमधील बहुतेक बौद्ध पंथांनी युद्धाला साथ दिली. भिक्षूंनी विजयासाठी प्रार्थना केल्या, सैन्यासोबत धर्मप्रचारक गेले, हजारो मंदिरांच्या घंटा धातूसाठी वितळवायला दिल्या गेल्या. स्वतःला विसरून एकाग्र होण्याच्या झेन शिकवणीचा उपयोग हुकूम निमूट पाळण्यासाठी झाला. सम्यक वाचा रोज शिकवणाऱ्यांनी ‘किचिकु’ हा शब्द आमचा आहे, परत करा, असे म्हटले नाही.

काही अपवाद होते. गिफू प्रांतातील ताकेनाका शोगेन हे सत्तरीला आलेले ओतानी पंथाचे भिक्षू १९३७ मध्ये, सैनिकांना निरोप दिला जात असताना, युद्ध हे पाप आहे असे उघड बोलले. त्यांच्यावर खटला झाला, शिक्षा झाली आणि त्यांच्या पंथानेही त्यांचा दर्जा काढून घेतला. पंथाने २००७ मध्ये चूक मान्य करून त्यांचा सन्मान परत केला. तोवर त्यांच्या मृत्यूला ६२ वर्षे झाली होती. सोतो झेन पंथाने १९९२ मध्ये पश्चात्तापाचे निवेदन काढून आशियातील जनतेची क्षमा मागितली. उशीर झाला, पण लेखी मागितली. किती धर्मसंस्थांनी एवढे तरी केले आहे?

राक्षस मित्र झाला, मुखवटा मात्र राहिला

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि काही महिन्यांत दोन्ही बाजूंचे राक्षस नाहीसे झाले. जपानी मुले अमेरिकी जीपमागे चॉकलेटसाठी धावू लागली. अमेरिकी व्यंगचित्रातले माकड आता सैनिकाच्या खांद्यावर बसलेले पाळीव माकड झाले. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शांतता करार झाला आणि त्याच दिवशी दोन्ही देशांचा संरक्षण करारही झाला. ज्यांच्याबद्दल ‘रक्तातच दोष आहे’ असे सांगितले गेले, त्यांच्या रक्तात सहा वर्षांत काय बदलले? डॉ. स्यूस १९५३ मध्ये जपानला जाऊन आले आणि पुढच्या वर्षीचे आपले एक पुस्तक त्यांनी क्योटोच्या एका प्राध्यापकाला अर्पण केले. १९४२ ची चित्रे मात्र तशीच राहिली.

दरम्यान चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली, कोरियात युद्ध पेटले आणि ‘लाइफ’च्या धड्यातला तो सज्जन चिनी चेहरा अमेरिकेला क्रूर वाटू लागला. चित्रे जुनीच, नाव नवे.

तसे पाहिले तर जुन्या नावाचाही वापर पूर्ण थांबला नाही. १९८० च्या सुमारास जपानी मोटारींमुळे अमेरिकी कारखान्यांतल्या नोकऱ्या जाऊ लागल्या, तेव्हा राजकारणी पुन्हा जपानवर तुटून पडले. जून १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ मोटार उद्योगाशी संबंधित दोन गोऱ्यांनी व्हिन्सेंट चिन या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारहाण केली, त्यात तो मेला. तो चिनी वंशाचा होता. मारेकऱ्यांना तीन वर्षांचे प्रोबेशन आणि ३,००० डॉलर दंड झाला, त्या शिक्षेत एक दिवसाचाही तुरुंगवास नव्हता. छावण्यांत कोंडलेल्यांची अमेरिकी सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला तो त्यानंतर सहा वर्षांनी, १९८८ मध्ये.

योमितानमध्ये काय झाले? चिबिचिरी गुहेतून वाचलेले लोक गावातच राहिले. ज्यांनी आपल्या मुलांना मारले होते आणि ज्यांची मुले मेली होती, ते शेजारी शेजारी राहत होते. त्यामुळे सुमारे ३८ वर्षे त्याविषयी कोणी उघड बोलले नाही, १९८३ मध्ये पहिल्यांदा चौकशी झाली आणि नावांची यादी तयार झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये ओकिनावातल्याच चार मुलांनी, धाडस दाखवण्याच्या नादात, गुहेत शिरून तिथल्या वस्तूंची मोडतोड केली. तिथे काय घडले होते हे त्यांना नीट माहीत नव्हते. पकडल्यावर त्यांना मृतांच्या नातेवाइकांसमोर बसवून ते ऐकवण्यात आले. नंतर एका वृद्ध शिल्पकारासोबत काम करून त्या मुलांनी बुद्धाच्या १२ छोट्या मूर्ती घडवल्या. त्या गुहेच्या परिसरात मांडल्या आहेत.